मोल आणि रेणू: एकातून दुसऱ्यात कसं जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात चरईतल्या राहत्या घरी मी अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राची शिकवणी घेते. अकरावीचे प्रवेश आटोपले की पहिल्या पंधरवड्यातच मोलची गणितं येतात आणि रात्री दहानंतर माझ्या फोनवर वह्यांचे फोटो यायला लागतात. दरवर्षी तेच प्रश्न, तीच अडखळण्याची जागा. म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. घात वर चढवून लिहायची सोय नाही, म्हणून दहाचा तेविसावा घात मी १०^२३ असा लिहिला आहे.

मोल म्हणजे नक्की काय?

मोल हे मोजायचं एकक आहे. डझन म्हणजे १२, ग्रोस म्हणजे १४४, तसं एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ × १०^२३ नग. हे नग रेणू असतील, अणू असतील, आयन (विद्युतभार असलेले अणू किंवा अणुगट) असतील नाहीतर इलेक्ट्रॉन. शाळा-कॉलेजात आपण ६.०२२ × १०^२३ एवढंच धरतो. यालाच ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात.

२० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच ठरवून टाकला आहे, त्यात आता कमी-जास्त होणार नाही. त्याआधीची व्याख्या अशी होती: १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जेवढे अणू असतात तेवढे कण म्हणजे एक मोल. जुन्या पुस्तकात ती दिसली तर गोंधळू नका. परीक्षेतल्या गणितात दोन्हींनी उत्तर एकच येतं.

मराठीतल्या ‘मोला’शी, म्हणजे अनमोल, मातीमोल, मोलमजुरी यातल्या मोलाशी, याचा काही संबंध नाही. रसायनातला मोल जर्मनमधून आला. विल्हेल्म ऑस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात तो वापरात आणला. रेणूसाठीच्या जर्मन शब्दाचा तो आखूड केलेला भाग आहे.

सरळ रेणूच का मोजत नाहीत? मध्ये मोल कशाला?

माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्यासोबत जायची. वॉशरची पिशवी आली की बाबा वॉशर मोजत बसायचे नाहीत. शंभर नग मोजून तराजूत टाकायचे, वजन बघायचे आणि मग अख्खी पिशवी काट्यावर चढवायचे. शंभर नगांचं वजन २५० ग्रॅम भरलं आणि पिशवी २० किलोची निघाली, की रजिस्टरमध्ये ८,००० नग लिहून मोकळे. हात तेलकट व्हायच्या आत काम संपलेलं असायचं.

रसायनशास्त्रात हेच चालतं. रेणू एकेक करून कोणालाच मोजता येत नाही, पण वजन करता येतं. बाबांचा ‘शेकडा’ होता, आपला ‘मोल’ आहे. शेकड्याचं वजन माहीत असलं की पिशवीत किती शेकडे ते कळतं. मोलचं वजन माहीत असलं की डबीत किती मोल ते कळतं. वॉशर बदलला की शेकड्याचं वजन बदलतं, शेकडा शंभराचाच राहतो. पदार्थ बदलला की मोलचं वजन बदलतं, नग तेवढेच राहतात. एक मोल पाणी १८ ग्रॅम, एक मोल कार्बन डायऑक्साइड ४४ ग्रॅम, एक मोल साखर ३४२ ग्रॅम. तिन्हीत रेणू मात्र सारखेच.

मोलवरून रेणूंची संख्या कशी काढायची?

मोलला ६.०२२ × १०^२३ ने गुणायचं. ०.२५ मोल कार्बन डायऑक्साइड असेल तर ०.२५ × ६.०२२ × १०^२३ = १.५०५५ × १०^२३ रेणू.

आणि रेणूंवरून मोल?

भागायचं. ३.०११ × १०^२२ रेणू असतील तर त्यांना ६.०२२ × १०^२३ ने भागा. ३.०११ भागिले ६.०२२ म्हणजे ०.५. घातांची वजाबाकी २२ वजा २३, म्हणजे उणे १. ०.५ × १०^-१, म्हणजे ०.०५ मोल.

कधी गुणायचं आणि कधी भागायचं हेच लक्षात राहत नाही. काही युक्ती?

युक्ती नको, सवय लावा. कुठलाही आकडा एकटा लिहायचा नाही, त्याच्यामागे त्याचं नाव लिहायचं. ‘०.०५’ नाही, ‘०.०५ मोल पाणी’. ‘६.०२२ × १०^२३’ नाही, ‘एका मोलमागे ६.०२२ × १०^२३ रेणू’. माझ्या शिकवणीत नाव न लावलेल्या आकड्याखाली मी पेन्सिलने रेघ मारते, आणि उत्तर बरोबर असलं तरी ते गणित पुन्हा लिहायला लावते. मुलं कुरकुरतात, पण ही एक गोष्ट मी सोडत नाही.

कारण नाव लावलं की गुणाकार-भागाकार आपोआप ठरतो. ‘मोल’ गुणिले ‘एका मोलमागे रेणू’ केलं की वरचा मोल खालच्या मोलने कटतो आणि रेणू उरतात. हवे होते रेणूच, म्हणजे गुणाकार बरोबर. मोल हवे असताना गुणलं तर काहीच कटत नाही, ‘रेणू गुणिले रेणू भागिले मोल’ असलं काहीतरी विचित्र उरतं आणि चूक तिथेच डोळ्यांवर येते.

गेल्या वर्षी कळव्याहून येणाऱ्या एका मुलीची वही माझ्यासमोर होती. ९ ग्रॅम पाण्यात किती रेणू, असं गणित होतं. तिने ९ ला थेट ६.०२२ × १०^२३ ने गुणलं होतं. मी विचारलं, ‘‘हे ९ काय आहेत?’’ ती म्हणाली, ‘‘ग्रॅम.’’ ‘‘आणि ६.०२२ × १०^२३ कशामागे?’’ ती थांबली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘‘मोलमागे. ताई, मी ग्रॅमला मोल समजले.’’ पुढचं तिनेच केलं: ९ भागिले १८, म्हणजे ०.५ मोल, म्हणजे ३.०११ × १०^२३ रेणू. मला सूत्र सांगावंच लागलं नाही.

शेवटी उत्तराकडे एकदा नजर टाका. आपण हाताळतो एवढ्या पदार्थात रेणूंचा आकडा १०^२० च्या आसपास किंवा त्याहून मोठाच असतो, आणि मोलचा आकडा साधा, हजारांच्या आतला. रेणूंची संख्या ०.०३ आली किंवा मोल १०^४६ आले, तर हमखास उलटी क्रिया झालेली आहे. रेणू कधी अपूर्णांकात येत नाही. मोल येतो.

ग्रॅम दिले असतील तर?

मग दोन पायऱ्या. ग्रॅमवरून मोल, मोलवरून रेणू. ग्रॅमवरून थेट रेणूंवर उडी मारू नका. स्टेशनवरून आधी पुलावर चढायचं आणि मग हव्या त्या फलाटावर उतरायचं, रूळ ओलांडायचे नाहीत.

चहाच्या कपात एक चमचा साखर घालता, ती ५ ग्रॅम धरू. साखरेच्या एका मोलचं वजन ३४२ ग्रॅम. ५ ÷ ३४२ = ०.०१४६ मोल. त्याला ६.०२२ × १०^२३ ने गुणलं की जवळपास ८.८ × १०^२१ रेणू.

मिलिग्रॅम दिले असतील तर आधी ग्रॅम करा. पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचं गणित मी मुद्दाम देते. औषधाचं मोलार वस्तुमान, म्हणजे एका मोलचं वजन, १५१ ग्रॅम. निम्मी मुलं ५०० ÷ १५१ करून ३.३१ मोल लिहितात. तेवढं औषध म्हणजे अर्धा किलो! बरोबर उत्तर ०.५ ÷ १५१ = ०.००३३१ मोल, म्हणजे सुमारे २ × १०^२१ रेणू.

प्रश्नात रेणू न विचारता अणू विचारले तर?

आधी रेणू काढा, मग एका रेणूत किती अणू ते बघून गुणा. १.७ ग्रॅम अमोनिया घ्या. मोलार वस्तुमान १७, म्हणजे ०.१ मोल, म्हणजे ६.०२२ × १०^२२ रेणू. अमोनियाच्या रेणूत एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन, मिळून चार अणू. एकूण अणू २.४०८८ × १०^२३. फक्त हायड्रोजनचे विचारले असतील तर १.८०६६ × १०^२३.

‘एक मोल ऑक्सिजन’ एवढंच म्हटलं तर अर्थ धूसर राहतो. ऑक्सिजन वायूचे रेणू असतील तर ३२ ग्रॅम, ऑक्सिजनचे अणू असतील तर १६ ग्रॅम. प्रश्नात कोणता नग मोजायचा आहे त्याखाली रेघ मारा. ‘किती आंबे’ आणि ‘किती पेट्या’ या दोन प्रश्नांची उत्तरं वाशीच्या मार्केटात कोणी एक समजत नाही, इथेही समजू नका.

मिठाचे रेणू किती?

मिठाला रेणू नसतात. सोडियम आणि क्लोराइडचे आयन एकाशेजारी एक अशी जाळी करून बसलेले असतात, त्यातून एक सुटा रेणू काढून दाखवता येत नाही. म्हणून तिथे ‘सूत्र एकक’ म्हणायचं. आकडेमोड तीच: ५८.५ ग्रॅम मीठ म्हणजे एक मोल सूत्र एकक, आणि आयन मात्र दोन मोल.

वायूसाठी २२.४ लिटर धरायचं की २२.७?

प्रश्नात दाब काय दिलाय त्यावर. ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर असेल तर आदर्श वायूचा एक मोल २२.४ लिटर जागा घेतो. ० अंश आणि १ बार असेल तर २२.७ लिटर. बार हा ॲटमॉस्फिअरपेक्षा किंचित कमी, म्हणून वायू किंचित जास्त पसरतो. १९८२ साली रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रमाण दाब १ बार केला, पण २२.४ ची सवय अजून मोडलेली नाही. दोन्ही आकडे तुम्हाला भेटणार.

ठाण्यात ० अंश तापमान कधी नसतंच. इथे ३० अंशाला, १ ॲटमॉस्फिअर दाबाला, एक मोल वायू जवळपास २४.९ लिटर जागा घेतो. प्रयोगशाळेत वायू गोळा करून २२.४ ने भागलंत तर उत्तर सुमारे अकरा टक्क्यांनी चुकेल.

आणि हा आकडा फक्त वायूचा. ‘२२.४ लिटर पाणी’ म्हणजे एक मोल नव्हे. एक मोल पाणी १८ मिलिलिटर, चहाचे साधारण साडेतीन चमचे.

कॅल्क्युलेटरवर उत्तर ५ × १०^४४ असलं काहीतरी येतं. का?

कंस दिला नाही म्हणून. ३.०११ × १०^२२ ÷ ६.०२२ × १०^२३ असं सलग टाकलं की यंत्र डावीकडून चालतं. ते फक्त ६.०२२ ने भागतं आणि शेवटी १०^२३ ने गुणून टाकतं. खालची संख्या पूर्ण कंसात टाका, किंवा घातासाठीचं वेगळं बटण वापरा, म्हणजे ती एकच संख्या धरली जाते.

खरं तर ही सवयच नको. बारावीच्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. सीईटी, नीट, जेईईलाही कॅल्क्युलेटर नाही. ६.०२२ चा लॉग ०.७७९७, एवढा पाठच असू द्या. ०.०३५ मोलचे रेणू काढायचे असतील तर ०.०३५ च्या लॉगचा अपूर्णांकी भाग ०.५४४१ आणि पूर्णांक उणे २. त्यात २३.७७९७ मिळवले की २२.३२३८. अँटिलॉग २.१०८, घात २२. उत्तर २.१०८ × १०^२२ रेणू. पर्याय दिलेल्या परीक्षेत ६.०२२ ऐवजी ६ धरून बघा. पर्याय एकमेकांपासून लांब असतील तर तेवढ्यावर भागतं.

एवढा मोठा आकडा डोळ्यांसमोर कसा आणायचा?

इंग्रजी बिलियन-ट्रिलियनपेक्षा आपले आकडे जवळचे वाटतात. कोटी म्हणजे १०^७. कोटी गुणिले कोटी गुणिले कोटी म्हणजे १०^२१. तसले ६०२ घ्या, झाला एक मोल. भास्कराचार्यांच्या यादीत एकं, दहं, शतं करत अठराव्या स्थानाला परार्ध येतो, तो १०^१७. एका मोलमध्ये सुमारे ६० लाख परार्ध मावतात.

दुसरं मोजमाप काळाचं. सेकंदाला एक रेणू असे मोजत बसलो तर १८ ग्रॅम पाण्यातले रेणू संपवायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या जवळजवळ १४ लाख पट वेळ लागेल. विश्वाचं वय मी १,३८० कोटी वर्षं धरलं आहे. हा हिशोब स्वतः करून बघा, घातांचा चांगला सराव होतो.

हा आकडा ॲव्होगॅड्रोने शोधला का?

नाही, आणि हे सांगायला मला फार आवडतं. इटलीतल्या तुरीनमध्ये १७७६ साली जन्मलेल्या आमेदेओ ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये एक विचार मांडला: तापमान आणि दाब सारखे असतील तर कुठल्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. किती असते हे त्याने सांगितलं नाही, सांगता येण्यासारखं तेव्हा साधनही नव्हतं. त्याचं म्हणणं बरीच वर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. तो १८५६ मध्ये गेला आणि चार वर्षांनी, १८६० मध्ये, कार्ल्सरुहे इथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत स्टानिस्लाओ कॅनिझारो याने तोच विचार पुन्हा ठामपणे पुढे ठेवला.

रेणूंच्या आकाराचा पहिला चांगला अंदाज १८६५ मध्ये योहान लोश्मिट याने केला, आणि त्यावरून संख्येचा अंदाज येऊ लागला. पुढे फ्रान्समध्ये झाँ पेरँ याने पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास पाहिले, त्यांची थरथर मोजली आणि त्यातून हा आकडा काढला. १९०९ मध्ये त्यानेच त्याला ॲव्होगॅड्रोचं नाव द्यावं असं सुचवलं. पेरँला १९२६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मोल हा शब्द देणारा ऑस्टवाल्ड स्वतः अणू खरोखर असतात हे मानायलाच तयार नव्हता. पेरँच्या आणि इतरांच्या प्रयोगांनंतर त्याने ते मान्य केलं. पुराव्यापुढे मत बदलणाऱ्या माणसाबद्दल मला नेहमी आदर वाटतो.

मुलगी मराठी माध्यमातली आहे. अकरावीला सगळं इंग्रजीत आलं आणि ती मागे पडतेय. काय करावं?

हा प्रश्न पालकांचा, आणि बहुतेक वेळा आई विचारते. ताई, मुलीला मोल नवा नाही, नववीच्या विज्ञानात तो होऊन गेला आहे. फक्त शब्दांनी कपडे बदलले आहेत. अणू म्हणजे ॲटम, रेणू म्हणजे मॉलिक्युल, मोलार वस्तुमान म्हणजे मोलर मास, सूत्र एकक म्हणजे फॉर्म्युला युनिट. खरी गडबड होते ती मोल आणि मॉलिक्युल या दोन शब्दांत, कारण कानाला ते सारखे लागतात. एक वाटाणा आणि एक पोतं वाटाणे, एवढा फरक आहे. गणित वाचल्यावर तिला ते एकदा मराठीत मोठ्याने सांगायला लावा: ‘इतके ग्रॅम अमुक दिलंय, त्यात तमुक किती नग ते विचारलंय.’ हे सांगता आलं की इंग्रजी अडवत नाही. तुम्हाला रसायनशास्त्र येत नसलं तरी समोर बसून ऐकता येईल.

परीक्षेबाहेर याचा उपयोग काय?

स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभे असाल तर समोरच बघा. रिक्षात ४ किलो सीएनजी भरला असं धरू. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, मोलार वस्तुमान १६. ४,००० ÷ १६ = २५० मोल, म्हणजे सुमारे १.५ × १०^२६ रेणू.

आता मिथेनचा एक रेणू जळताना ऑक्सिजनचे दोन रेणू घेतो आणि कार्बन डायऑक्साइडचा एक व पाण्याचे दोन रेणू देतो. रेणूंचं जे प्रमाण तेच मोलचं. २५० मोल मिथेनला ५०० मोल ऑक्सिजन लागला, म्हणजे हवेतून १६ किलो. बाहेर पडला २५० मोल कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ११ किलो, आणि ५०० मोल पाणी, म्हणजे ९ किलो. आत ४ आणि १६ मिळून २०, बाहेर ११ आणि ९ मिळून २०. चार किलो गॅसमधून अकरा किलो कार्बन डायऑक्साइड कसा निघतो, हे वजनावरून कधीच उमगत नाही. मोलमध्ये मांडलं की लख्ख दिसतं. खत, औषध, रंग, साबण, काहीही बनवायचं तर कच्चा माल किती मागवायचा हे असंच ठरतं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या रसायन कारखान्यांत हा हिशोब रोजचाच.

घरी करून बघण्यासारखा एखादा प्रयोग?

खडूचा करा. सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. खडूचं वजन करा. फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘ठाणे’ असं दहा वेळा लिहा. पुन्हा वजन करा. आमच्याकडे एकदा ०.१२ ग्रॅम फरक आला. फळ्याचा खडू बहुतेक वेळा जिप्समचा असतो, त्याच्या एका मोलचं वजन १७२ ग्रॅम. ०.१२ ÷ १७२ म्हणजे जवळपास ०.०००७ मोल, म्हणजे ४.२ × १०^२० सूत्र एककं. जिप्सम आयनांचं बनलेलं, म्हणून इथेही रेणू म्हणायचं नाही. त्या दिवशी फळा पुसायला कोणी पुढे येईना, सगळे त्या पांढऱ्या अक्षरांकडे बघत बसले होते.

सरावाला काही गणितं द्याल?

चार देते, उत्तरांसकट. उत्तर आधी बघू नका, आणि आकड्याला नाव लावायला विसरू नका.

१.२०४४ × १०^२४ ऑक्सिजन रेणूंचं वजन किती? २ मोल, ६४ ग्रॅम.

३.६ ग्रॅम पाण्यात हायड्रोजनचे अणू किती? ०.२ मोल पाणी, १.२०४४ × १०^२३ रेणू, २.४०८८ × १०^२३ हायड्रोजन अणू.

४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात नायट्रोजनचे अणू किती? युरियाचं मोलार वस्तुमान ६०, दर रेणूत नायट्रोजनचे दोन अणू. ७५० मोल युरिया, ९.०३३ × १०^२६ नायट्रोजन अणू.

पाण्याच्या एका रेणूचं वजन किती? १८ ग्रॅम भागिले ६.०२२ × १०^२३ रेणू, म्हणजे दर रेणूमागे २.९९ × १०^-२३ ग्रॅम.